चंबळेवरचं वीजघर

मंडळी, यशवंतराव होळकरांची छत्री बघायला भानपुऱ्याला गेलात, तर पुढे गांधीसागर धरणही जरूर बघून या. महूजवळ जानापावला उगम पावून उत्तरेकडे वाहणाऱ्या चंबळ नदीवरच्या चार मोठ्या प्रकल्पांतलं हे पहिलं. १९५४ साली पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि १९६० साली वीजघर सुरू झालं. २३ मेगावॉटची पाच जनित्रं, म्हणजे एकूण ११५ मेगावॉट. तेच पाणी पुढे राणा प्रताप सागर आणि जवाहर सागर इथे पुन्हा वीज देतं आणि शेवटी कोट्याच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी शेतात जातं. एकाच पाण्याची केवढी कामं!

पण माळव्यातल्या घरांत दिवे लागले, तेव्हा रामपुरा-भानपुरा भागातल्या कित्येक गावांनी घरं, शेतं, देवळं पाण्यात सोडली. सप्टेंबर २०१९च्या पुरात तर नदी थेट वीजघरातच शिरली आणि यंत्रं बंद पडली. नदीला गृहीत धरून चालत नाही, हेच खरं.

आज ११५चा आकडा लहान वाटेल. तरी काठावर उभं राहून मुलांना एवढं सांगाच: या निळ्या पाण्याखाली कुणाचं तरी अंगण आहे.