पावसातली सोबत

आगगाडीत भेटणाऱ्या माणसांची एक गंमत असते. ठाण्याला ओळख होते, कल्याणला डबे उघडतात, इगतपुरीच्या सुमारास मुलीच्या लग्नाचे बोलणे निघते, आणि आपले स्टेशन आले की सारे विसरून आपण सामान मोजू लागतो. सायकलच्या प्रवासाचे तसे नाही. तिथे भेटणारा प्रवासी बहुधा चिंब भिजलेला असतो आणि दोघांपैकी एकाचे काहीतरी अडलेले असते. ओळखीला एवढे कारण पुरते.

मुंबईहून डहाणूपर्यंत सायकलने जायचे, तेही श्रावणात, हा माझा बेत घरात कुणालाच पसंत नव्हता. पहिला मुक्काम आगाशीला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी विरारकडे निघालो, तो बोळिंजला पावसाने गाठले. एकीकडे केळीच्या वाड्या, दुसरीकडे उंचच उंच नव्या इमारती, आणि मधला रस्ता बघता बघता ओढा झालेला! पावसाळ्यात काचा-खिळे पाण्याबरोबर वाहत रस्त्याच्या कडेला येतात, म्हणजे नेमके सायकलच्या वाटेवर. ओल्या रबरात ते शिरतातही चटकन. माझे मागचे चाक बसले. जादा ट्यूब आदल्याच दिवशी खर्ची पडली होती. ठिगळ लावावे, तर ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही.

एका बंद दुकानाच्या पडवीत शिरलो. तिथे दोन सायकली आधीच भिंतीला टेकल्या होत्या. साठीकडे झुकलेले एक गृहस्थ चष्मा पुसत उभे होते आणि त्यांची कॉलेजात जाणारी पुतणी वेणी पिळत होती. दोघे पालघरचे. सोपाऱ्याचा स्तूप पाहून परत निघाले होते. माझ्या चाकाकडे एकवार पाहून गृहस्थांनी पिशवीतून ट्यूब काढली.

“काका, आपली ही शेवटचीच आहे,” पुतणी हळूच म्हणाली.

“असू दे. आता हे पालघरपर्यंत आपल्याबरोबर येतील. सुटतात कसे?”

सुटण्याचा प्रश्नच नव्हता. हवेचा पंप त्यांच्याकडे, पाने माझ्याकडे, आणि जादा ट्यूब कुणाकडेच नाही! मी मनोरवरून सरळ पुढे जाणार होतो, ते बेत बदलून पालघरकडे वळायचे ठरले. आणखी एक नियम ठरला. जो सर्वांत सावकाश, त्याच्या वेगाने सगळ्यांनी जायचे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून अंतर राखायचे. पण नजरेआड व्हायचे नाही. महामार्गावर ट्रक अंगावर पाणी उडवीत जात, तेव्हा पुढचा तांबडा दिवा दिसला की जिवाला केवढा धीर येई!

वाटेत चहाला थांबलो असताना काकांनी सोपाऱ्याची गोष्ट काढली. तिथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय प्रवासच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, करमणुकीसाठी फिरत. अशोकाने ते सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. त्यांत श्रमण-ब्राह्मणांच्या आणि वृद्धांच्या भेटी घ्यायच्या, दानधर्म करायचा, गावोगावच्या लोकांना भेटायचे. “म्हणजे सहल आणि यात्रा यांतला फरक माणसे भेटण्यात आहे,” काका म्हणाले. पुतणी म्हणाली, “त्यांच्या रथाचे चाक बसले नसेल, म्हणून ठरवून भेटावे लागले!”

सायकलवर अशी सोबत किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. 1923 सालच्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे तो पुरा करून 1928 साली परतले. 1924 साली फ्रामरोझ दावर हा तरुण मुंबईहून एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव श्टावयानिक नावाचा सायकलस्वार भेटला. ना भाषा एक, ना देश, ना धर्म. तरीही दोघे मिळून सहारा ओलांडून गेले आणि दक्षिण अमेरिकेची रानेही त्यांनी पाहिली. एकट्याने सुरू केलेल्या प्रवासाला असा वाटेतच जोडीदार मिळाला.

मला वाटते, अशा सोबतीचे मूळ गोड बोलण्यात नसते. आपली शेवटची ट्यूब देऊन टाकणारा माणूस पुढच्या साऱ्या वाटेचा धोका पत्करतो. मग घेणाऱ्याने वाकडी वाट करून त्याला घरापर्यंत पोचवायचे, एवढेच राहते. पालघरला दुकानात त्या मापाची ट्यूब मिळाली. ती मी काकांच्या हाती दिली. त्यांनी ‘कशाला, कशाला’ केले नाही. थोडी हवा भरून ट्यूब कानाशी धरली आणि घडी करून पिशवीत टाकली.

घरी आता मला विचारतात, “पुन्हा पावसात जाणार का?” जाणार. मात्र या खेपेला पिशवीत ट्यूबा दोन असतील. एक माझ्यासाठी, आणि दुसरी अजून न भेटलेल्या कुणासाठी तरी.