लहान हातांची इलेक्ट्रिक

शिलाँगला पोस्टिंग आली की पहिल्या वर्षात घरात दोन वस्तू हमखास येतात. एक मोठी छत्री आणि दुसरी गिटार. छत्रीचं कारण सांगायला नको, मौसिनराम इथून साठेक किलोमीटरवर आहे. गिटारचं कारण मात्र हे गाव. पोलीस बाजारात, लैतुमखराच्या चढावर, चर्चच्या आवारात पाठीला गिटारची बॅग लावलेली मुलं दिसतात. बॉब डिलनच्या वाढदिवशी, म्हणजे 24 मेला, लू माजॉ हे गृहस्थ 1972 पासून त्याची गाणी गातात आणि गाव त्यात सामील होतं. सोलमेटचे रूडी वालांग इथलेच. अशा ठिकाणी दोन वर्षं राहून सात-आठ वर्षांचं पोर क्रिकेटची बॅटच मागत राहील, अशी अपेक्षा धरू नये.

मग पोर म्हणतं, 'मला इलेक्ट्रिक हवी.' आणि आपण मराठी आईबाप ठरलेलं उत्तर देतो : आधी साधी शीक, हात बसू दे, मग पाहू. गावाकडून फोनवर आजोबा आणखी मागे जातात. आधी पेटी शिकू दे, स्वराचा पाया पक्का होईल. माझं मत याच्या उलट आहे. मुलाला इलेक्ट्रिक गिटारच हवी असेल, तर पहिली गिटार इलेक्ट्रिकच घ्यावी. तिच्याकडे जायला साध्या गिटारची पायरी लागत नाही. उलट ती पायरीच अनेकदा उंच असते.

कारण सरळ आहे आणि ते तारांत आहे. मोठ्या अकूस्टिक गिटारला साधारण बारा नंबरच्या पोलादी तारा लावतात. सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. इलेक्ट्रिकला नऊ नंबरच्या तारा असतात आणि ताण चाळीस किलोच्या आत राहतो. शिवाय तारा फ्रेटबोर्डच्या अगदी जवळ ठेवता येतात, मान बारीक असते, अंग सपाट असतं. आठ वर्षांच्या मुलाच्या बोटाच्या टोकाला हा फरक पहिल्याच मिनिटाला कळतो. पोलादी तारांच्या अकूस्टिकवर दहा दिवस बोटं सोलून घेतल्यावर मूल जे शिकतं ते एवढंच, की आपल्याला हे जमत नाही. नायलॉनच्या तारांची अर्ध्या मापाची गिटार हा चांगला पर्याय आहे, ते मी मान्य करतो. पण मुलाच्या कानात जो आवाज बसलाय तो तिच्यातून निघत नाही. 1971 मधल्या 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार ऐकून वेडावलेल्या माणसाला नायलॉनची तार देऊन समजूत काढता येत नाही. मुलांचंही तसंच आहे.

आणि पेटीबद्दल. पेटीला माझा विरोध नाही, आमच्या घरात ती आहे. पण 'पाया' या शब्दाखाली आपण मुलाच्या इच्छेवर किती वर्षांचा वेटिंग पीरियड लावतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. फौजी मुलाकडे ती वर्षं नसतात. दर दोन-तीन वर्षांनी शाळा, भाषा, मित्र, शिक्षक सगळं बदलतं. एका गुरुजींकडे दहा वर्षं बसणं त्याच्या नशिबात नाही. गिटारचा सी मेजर मात्र शिलाँगला जसा धरतात तसाच जबलपूरला आणि झाशीला. गुरू बदलला तरी हात तोच राहतो.

आता माप. इथे बहुतेक घरांत घोटाळा होतो, कारण दुकानात समोर टांगलेली असते ती मोठ्यांची. स्ट्रॅटोकास्टर घराण्याच्या पूर्ण मापाच्या गिटारची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, साडेपंचवीस इंच असते. स्क्वायरची मिनी स्ट्रॅट पावणेतेवीस इंचांची आहे, आयबानेझची मायक्रो 22.2 इंचांची. अडीच-तीन इंचांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण तीच तार त्याच सुरात लावली की ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे मिनीवर तो सुमारे वीस टक्क्यांनी उतरतो. फ्रेटही जवळ येतात. लहान हाताला दोन्ही गोष्टी हव्याच असतात. उलट बाजूही सांगून ठेवतो. आखूड स्केलवर नऊ नंबरची तार जरा लुळी पडते आणि जोरात दाबली की सूर वर जातो. मुलाची पकड बसली की दहा नंबरच्या तारा लावाव्यात.

सात ते दहा वर्षांच्या मुलाला ही लहान मापं. दहा-अकरानंतर चोवीस इंची, म्हणजे मस्टँगच्या घराण्यातली, बघावी. ती पुढे मोठेपणीही चालते. बारा-तेराच्या उंच मुलाला थेट पूर्ण माप द्यायला हरकत नाही. पण वय ही ढोबळ खूण आहे. दुकानात मुलाला खुर्चीवर बसवा, गिटार मांडीवर द्या आणि डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवरची जाड तार धरायला सांगा. कोपर वाकलेलं राहिलं तर माप बरोबर. हात सरळ ताणला गेला तर दुकानदार काहीही म्हणो, ती गिटार त्याच्या मोठ्या भावाची. मग पट्टा लावून पाच मिनिटं उभं करा. मोठ्या स्ट्रॅटचं वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतं, लेस पॉल घराण्याचं चार किलो आणि वर. पंचवीस किलोच्या मुलाच्या एका खांद्यावर एवढं वजन म्हणजे काय, हे पाठीवर पिठ्ठू घेतलेल्यांना समजावून सांगायला नको.

आमचे एक सुभेदार साहेब, साताऱ्याकडचे. त्यांच्या मुलीसाठी गिटार घ्यायची म्हणून त्यांनी मला विचारलं, "साहेब, नेटवर तीन हजारात दिसतीया, गुलाबी रंगाची. पोरगी लहान हाय, शिकंल का न्हाई कुणास ठावं. तवर स्वस्तातली घेऊ का?" मी म्हटलं, "सुभेदार साहेब, भरतीला आलेल्या नव्या पोराला झिरो न केलेली रायफल देऊन त्याचा निशाणा तपासाल का?" ते हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण पैसे त्यांचे जाणार होते.

स्वस्त गिटारबद्दलची माझी सगळी तक्रार याच ठिकाणी आहे. जिचे फ्रेट चुकीच्या जागी बसलेत, जिच्या खुंट्या सूर धरत नाहीत, त्या गिटारवर मूल बरोबर बोट ठेवतं आणि चूक आवाज ऐकतं. मोठ्या माणसाला कळतं की वाद्य खोटं आहे. मूल मात्र ते स्वतःवर घेतं. 'माझ्यात सूरच नाही' हे वाक्य आठव्या वर्षी एकदा मनात बसलं की चाळिशीतही पुसत नाही. मेसमध्ये गाण्याची वेळ आली की भिंतीला टेकून उभे राहणारे आपले कितीतरी धडधाकट अधिकारी आठवा.

हे तपासायला संगीत यावं लागत नाही. कानशीला लावायचा क्लिपचा ट्यूनर काही शे रुपयांत मिळतो. तो लावून मोकळी तार सुरात आणा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरने तोच स्वर, एक सप्तक वर, दाखवला पाहिजे. काटा बराच सरकला तर ब्रिजवरच्या स्क्रूने तो बरोबर करून द्यायला सांगा; करूनही होत नसेल तर गिटार परत भिंतीवर. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. फ्रेटच्या कडांवरून तळहात फिरवा, ओरखडा येता कामा नये. एवढ्यात उतरणारी, नाव असलेल्या कंपनीची लहान इलेक्ट्रिक पाच आकडी किमतीला पडते, हे खरं आहे. परवडत नसेल तर वापरलेली शोधावी. मुलं मोठी होतात, लहान गिटारी रिकाम्या होतात, आणि स्टेशनात कुणाची तरी बदली चालूच असते. सुभेदार साहेबांना अशीच मिळाली. गुलाबी नाही, काळी. मुलीने तिच्यावर स्टिकर लावले.

फौजी घरासाठी मी आणखी एक अट घालतो आणि तिच्यावर अडून बसतो. बाप फील्डमध्ये गेला तरी ती गिटार घरात चालू राहिली पाहिजे. दोन-अडीच वर्षं आई आणि मुलं सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये, आणि बाप फोनच्या रेंजमध्ये आला तर आला. अशा घरात फ्लॉइड रोझ असलेली गिटार आणू नका. तो तरंगता ब्रिज दिसतो झकास, पण एक तार तुटली की बाकीच्या पाचही सुरातून जातात, आणि तार बदलायला ॲलन की घेऊन अर्धा तास बसावं लागतं. आठवड्याभरात गिटार कपाटावर जाते. घट्ट ब्रिज घ्या, खुंट्या साध्या घ्या. आणि ट्यूनिंग आई शिकू दे, बापाच्या भरवशावर ठेवू नका. कुठल्याही लहान मुलाला पहिलं वर्षभर कुणीतरी सूर लावून द्यावा लागतो, आणि ते दोन मिनिटांचं काम ज्या घरात रोज होतं त्याच घरात गिटार वाजते.

बदल्यांच्या दृष्टीनेही ठोकळ्याची इलेक्ट्रिक बरी. अकूस्टिकचं पोट पातळ फळीचं असतं. शिलाँगच्या ओलाव्यात ती फुगते आणि इथून बिकानेरला गेली की आकसते, कधी तडकते. इलेक्ट्रिकचं अंग भरीव लाकडाचं. मान थोडी वाकते, पण ती आतल्या ट्रस रॉडने सरळ करता येते. कोरड्या हवेत लाकूड आकसून फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात, ती कारागिराकडून घासून घ्यावीत. प्रवासात तारा थोड्या सैल करा, काढू नका. इथल्या हवेत तारा गंजतात म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. हत्यार साफ करून ठेवण्याची सवय मुलांना लावायला याहून गोड निमित्त मला माहीत नाही.

आवाजाची भीती बाळगणाऱ्यांसाठी : वायर न लावलेली इलेक्ट्रिक पेटीपेक्षा हळू वाजते. शेजारचे मेजर साहेब तक्रार घेऊन येणार नाहीत. काळजी करायची तर मुलाच्या कानांची करा. मी तोफखान्यातला, देवळालीपासून कानाशी तोफा वाजल्यात. आमच्यातले कित्येक जण एक कान पुढे करून बोलतात, आणि रात्री शांततेत शिट्टी ऐकू येते ती कुणाची नसते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा 75 डेसिबल, आठवड्याला चाळीस तास अशी आहे. हेडफोनमध्ये गिटार वाजवताना मूल ती सहज ओलांडतं, कारण ओलांडण्यातच मजा असते. म्हणून पहिलं वर्ष हेडफोन नको. छोटा, सेलवर चालणारा ॲम्प घ्या आणि दार उघडं ठेवून वाजवू द्या. सेलवरचा म्हणण्यात आणखी एक कारण आहे. इलेक्ट्रिकच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. क्वार्टर जुनं असेल, तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थ नीट नसेल आणि ॲम्पमध्ये बिघाड झाला, तर करंट थेट मुलाच्या बोटांत येतो. भिंतीवर चालणारा ॲम्प आणायचाच असेल तर आधी एमईएसच्या इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या.

ग्रेडच्या परीक्षांची घाई करू नये. रॉकस्कूल, ट्रिनिटी यांच्या परीक्षा आपल्याकडे होतात, प्रमाणपत्रं देखणी असतात, आणि बदली झाल्यावर नव्या गावी त्याच क्रमाने पुढे जाता येतं, हे सगळं चांगलंच आहे. पण आपल्या मुलांचं आयुष्य आधीच बोर्डांनी आणि सिलेक्शनांनी भरलेलं असणार आहे. पहिली दोन वर्षं त्याला एकाच तारेवर त्याच्या आवडीच्या गाण्याची धून शोधू द्या. रोज दहा मिनिटं पुरतात.

विकत घेताना तारांचे दोन जादा सेट आणि एक छोटी पक्कड बरोबरच घ्या. सगळ्यात बारीक तार आधी तुटते, आणि ती तुटते रविवारी. नवी लावल्यावर उरलेलं टोक खुंटीपाशी कापून टाका, नाहीतर ते बोटात घुसतं.