घरची सुतारशाळा: बारीक जाळी की भरपूर वारा?

‘लाकूडच ते, त्याच्या धुळीने काय व्हायचे?’ हौशी सुतारांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. त्याचे उत्तर इंग्लंडमधल्या हाय विकमने केव्हाच दिले आहे. खुर्च्यांसाठी नावाजलेल्या या गावातल्या कामगारांत नाकाचा एरवी दुर्मीळ कर्करोग वारंवार दिसतो, हे कान-नाक-घसातज्ज्ञ एस्मी हॅडफिल्ड यांच्या ध्यानात आले. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. १९९५ मध्ये कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला निश्चित कर्करोगकारक ठरवले. ते कामगार वर्षानुवर्षे दिवसभर धुळीत राबत. रविवारी स्टूल ठोकणाऱ्याचा धोका त्याहून कमी, हे मान्य. पण म्हणून धूळ निरुपद्रवी ठरत नाही.

दुसरी मंडळी घाबरून थेट एचईपीए फिल्टरचे हवा शुद्ध करणारे यंत्र घेतात. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडतात, हा आकडा खरा. पण तो फिल्टरमधून गेलेल्या हवेचा. मिनिटाला १०० घनफूट हवा ओढणारे यंत्र १०० घनफूटच शुद्ध करणार! उरलेली खोली वाट बघत बसते. शिवाय दाट जाळी भुशाने लवकर तुंबते आणि नवी घ्यायची म्हणजे खिशाला चाट. टक्केवारी न सांगता नुसते ‘१ मायक्रॉन’ छापणाऱ्या जाहिराती तर वाचूच नयेत.

याउलट २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थाल यांच्या नावाने रूढ झालेला घरगुती खोका पाहा. २० इंची चौकोनी पंखा, चार बाजूंना मर्व-१३ दर्जाचे फिल्टर, तळाला पुठ्ठा, सांध्यांवर चिकटपट्टी. मर्व-१३ची हमी एक मायक्रॉनखालच्या निम्म्याच कणांची, १ ते ३ मायक्रॉनच्या ८५ टक्क्यांची. यावर नाक मुरडणारे वाऱ्याचा हिशेब विसरतात. चार फिल्टरांमुळे पंख्याला अडथळा कमी होतो. अशा खोक्याने चाचणीत मिनिटाला ६०० ते ८५० घनफूट शुद्ध हवा दिली. २० बाय १२ची, १० फूट उंच खोली २४०० घनफुटांची. हवा नीट खेळती असेल आणि नवी धूळ उडत नसेल, तर १२ मिनिटांत तरंगत्या धुळीचा सुमारे विसावा हिस्सा उरतो. स्थिर हवेत एक मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून आपोआप खाली बसायला अर्ध्या दिवसाहून अधिक घेतो.

मात्र सँडर चालू असताना कणांना फिल्टरपेक्षा नाक जवळ असते. खोका डोक्यावर टांगला, तर धूळ चेहऱ्यावरूनच वर जाणार. धूळ उडते तिथेच ओढणारी नळी आधी हवी. खोका हा मागाहून येणारा मदतनीस. काम थांबल्यावर तो अर्धा तास चालू ठेवावा, कोरडा झाडू लावू नये आणि तोवर एन-९५ मास्क काढू नये.