फ्युजन म्हणजे भेसळ नव्हे

‘फ्युजन’ हा शब्द कानी पडताच आपल्याकडील संगीतप्रेमींत दोन तट पडतात. एक तट नाक मुरडतो. जॅझमध्ये रॉकचे पाणी ओतले, वर थोडी वीज सोडली आणि बाटलीवर नवी चिठ्ठी डकवली, असे त्याचे म्हणणे. दुसरा तट सतारीमागे ड्रमचा ठेका वाजू लागला की टाळ्या पिटतो. आम्हांस हे दोन्ही तट एकाच चुकीच्या गावी मुक्कामाला आलेले दिसतात. दोघेही फ्युजन म्हणजे मिश्रण असेच धरून चालतात; एकाला त्या मिश्रणाचा विटाळ होतो, दुसऱ्याला त्यात चमत्कार दिसतो. ज्यांनी हे संगीत घडविले त्यांच्या वादनाकडे मात्र दोघांचेही लक्ष नाही.

मूळ फिर्याद काय आहे ते प्रथम पाहू. १९६९ च्या ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिस यांनी ‘बिचेस ब्रू’ ही तबकडी तीन दिवसांत ध्वनिमुद्रित केली. १९७० मध्ये ती बाजारात आली. एकाहून अधिक इलेक्ट्रिक पियानो, एकाहून अधिक ड्रमवादक, मधूनच उमटणारा बास क्लॅरिनेटचा घोगरा स्वर, आणि निर्माते टिओ मासेरो यांनी ध्वनिफिती कापून व जोडून साधलेली रचना, असा तो सारा मामला होता. तबकडी खपली आणि शुद्धतावाद्यांचा संताप उसळला. स्टॅन्ली क्राउच यांच्यासारख्या समीक्षकाने पुढे डेव्हिस यांच्यावर बाजाराला विकले गेल्याचा आरोप अत्यंत कडवट शब्दांत केला.

आम्ही विचारतो, बाजाराला विकला जाणारा मनुष्य असा माल बनवतो काय? या तबकडीतील दोन रचना प्रत्येकी एक अख्खी बाजू व्यापतात. गुणगुणता येईल अशी चाल शोधून सापडत नाही. गिऱ्हाइकाला खूश करण्याचा हा मार्ग खचित नव्हे. आणि त्या गदारोळात डेव्हिस यांचा ट्रम्पेट कसा वाजतो तेही ऐकावे. स्वर मोजके, कंप जवळजवळ नाही, आणि दोन स्वरांमधली शांतता स्वरांइतकीच बोलकी. १९५० च्या दशकात ट्रम्पेटला म्यूट लावून मंद स्वरांत वाजविणारा हाच वादक होता. भोवतालची वाद्ये बदलली, त्याचा श्वास बदलला नाही.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. वीज आली, सिंथेसायझर आला आणि माणूस हरवला, असे म्हणतात. या आक्षेपाला जो झाविनुल यांचे नाव हेच उत्तर आहे. १९३२ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले झाविनुल बालपणी ॲकॉर्डियन वाजवीत. पुढे ‘वेदर रिपोर्ट’ या वाद्यवृंदात त्यांनी सिंथेसायझर हाती घेतला, तेव्हा त्या निर्जीव खोक्यातून त्यांनी भाता असलेल्या वाद्याचा उच्छ्वास काढून दाखविला. त्यांच्या शेजारी सॅक्सोफोन घेऊन उभे असलेले वेन शॉर्टर पुष्कळदा एकदोन वाक्ये वाजवून गप्प राहत. त्यांच्या त्या गप्प राहण्यालाही आकार असे.

त्याच वृंदात १९७६ मध्ये जॅको पास्टोरियस हा तरुण आला. बास गिटार हे तोवर बहुतांशी मागे राहून ठेका धरणारे वाद्य होते. पास्टोरियस यांनी आपल्या गिटारचे पडदे काढून टाकले, त्या खाचा बुजविल्या आणि बोटांची पट्टी राळेच्या कठीण लेपाने गुळगुळीत केली. आता मानवी गळ्याप्रमाणे स्वरावरून स्वरावर घसरत जाणे शक्य झाले. तारेला बोट नुसते टेकवून घंटेच्या नादासारखे उंच स्वर काढण्याची कला त्यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ या रचनेत अशी काही योजिली की, एकाच बासवर पूर्ण गीत उभे राहिले. १९८७ मध्ये, अवघ्या ३५ व्या वर्षी, त्यांचा करुण अंत झाला. तरीही आज जगभरचे बासवादक त्यांची छाया टाळता टाळता थकतात. यंत्राने माणूस गिळला असता, तर ही छाया कोणाची पडली असती?

हर्बी हॅनकॉक यांचेही तेच. वयाच्या ११ व्या वर्षी शिकागो सिंफनीबरोबर मोझार्ट वाजविणारा हा पियानोवादक १९७३ मध्ये ‘हेड हंटर्स’ घेऊन आला, तेव्हा अनेकांना तो बिघडला असे वाटले. ‘कमिलिअन’मधील खर्जातली ती प्रसिद्ध फिरत त्यांनी स्वतः सिंथेसायझरवर वाजविली आहे. ती नाचायला लावते हे खरे. पण तिच्यावर जे सुरावटींचे मजले चढतात, ते अभिजात शिस्तीत वाढलेल्या बोटांनीच चढविले आहेत. पाय थिरकले म्हणून बुद्धी झोपली असे समजण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: दोन परंपरा एकत्र आणणाऱ्याला एकही नीट येत नाही. हा आक्षेप अनेकांना लागू पडतो, परंतु जॉन मॅक्लॉफ्लिन यांना पडत नाही. ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’त १९७१ पासून त्यांनी विषम मात्रांच्या आवर्तनांतून गिटार बंदुकीच्या फैरीसारखी चालविली, आणि बिली कॉबम यांचे ड्रम तितक्याच वेगाने त्यांना जाब देत राहिले. कीर्ती शिखरावर असताना हा गृहस्थ वीणा शिकला. ‘शक्ती’ या वृंदासाठी त्यांनी खास गिटार घडवून घेतली. तिच्या पोकळीवरून तरफेच्या जादा तारा आडव्या ओढल्या, पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट केले. कारण तार दाबून गमक काढता आली पाहिजे. गमकेसाठी वाद्याचेच अंग बदलणाऱ्या माणसाला भेसळखोर म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

आणि ‘शक्ती’त त्यांच्यासोबत कोण होते? व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर टी. एच. विनायकराम आणि तबल्यावर झाकिर हुसेन. माहीमच्या सेंट मायकल शाळेत शिकलेला हा मुंबईकर पंजाब घराण्याच्या तालमीत पित्यापाशी, उस्ताद अल्लारखाँ यांच्यापाशी, तयार झाला होता. घटम कर्नाटकी, तबला हिंदुस्थानी. दोहोंचे बोल वेगळे, हिशेब वेगळे. परंतु दोघांनाही आपापला हिशेब पाठ असल्यामुळे संवाद झाला. ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या तबकडीला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाले; त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकिर हुसेन गेले. त्यांना श्रद्धांजली वाहताना ‘फ्युजनचे बादशहा’ म्हणणाऱ्यांनी त्या बादशाहीखालचा रियाज विसरू नये.

आपल्या समाजाने तर भेसळीचा शब्द जपूनच उच्चारावा. गोव्याच्या पॅरिश शाळांत स्वरलिपी गिरवलेल्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ रुजविला. त्यांच्यापैकी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या साथीला गेले आणि ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात तो जॅझ उतरला. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर रागाचा धागा धरला. ही सारी मंडळी भेसळखोर होती काय? की ती आपली भूषणे होती?

फ्युजनच्या नावावर पुष्कळ कचराही निघाला, हे आम्ही नाकारीत नाही. एका काळी वेगाच्या शर्यती लागल्या; मिनिटाला किती स्वर, एवढाच हिशेब उरला. पुढे उपाहारगृहात जेवताना ऐकावे असे गुळगुळीत वादन कारखान्यातून निघाल्यासारखे निघू लागले. त्यावर टीका अवश्य व्हावी. परंतु खोटी नाणी निघतात म्हणून कोणी टांकसाळ पाडून टाकीत नाही. ॲलन होल्ड्सवर्थ हेही वेगवानच होते. पण त्यांना मुळात सॅक्सोफोनसारखे फुंकवाद्य हवे होते, म्हणून त्यांनी गिटारवर प्रत्येक स्वर न छेडता, डाव्या हाताच्या बोटांनी एकातून दुसरा वाहवत नेण्याची रीत घडविली. तो वेग ओढीतून आलेला होता, प्रदर्शनातून नव्हे.

आमची खरी काळजी पुढच्या पिढीविषयी आहे. कोवळ्या मुलाच्या हाती वाद्य येते न येते तोच त्याला फ्युजनच्या रंगमंचावर उभे केले जाते. तयार ठेका यंत्रातून सुटतो, वर चार स्वर शिंपडले जातात आणि पालक धन्य होतात. दुसरीकडे, खरोखर कान असलेल्या मुलाने शेजारची परंपरा नुसती चाखून पाहिली, तरी त्याचे गुरुजन त्याला बाटलेला ठरवितात. पहिल्याला शिस्त मिळत नाही, दुसऱ्याला मोकळीक. या दोन्ही मुलांची हानी आपण मोठी माणसेच करीत आहोत.

म्हणून संयोजकांना आमचे एवढेच सांगणे आहे. फलकावर ‘फ्युजन’ हा शब्द छापण्यापूर्वी वादकाला समोर बसवावे आणि म्हणावे, ‘बाबा रे, ज्या दोन गोष्टी तू जोडणार आहेस, त्या आधी वेगवेगळ्या वाजवून दाखव.’ ज्याला ते जमेल, त्याच्या मार्गात शुद्धतेच्या पहारेकऱ्यांनी उभे राहू नये.