अंगणातला लाल दिवा

रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या सौ. पाणी भरायला उठल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अहो, गाडीचा मागचा लाल दिवा पेटलेला आहे. पोरगं चावी विसरलं का काय?" आम्ही बाहेर येऊन पाहिले. चावी घरात खिळ्याला टांगलेली होती, गाडीत कोणी नव्हते, आणि ब्रेकचा दिवा मात्र लख्ख जळत होता.

ही गाडी आमच्या पुतण्याची. बी.ए. होऊन तीन वर्षे अर्ज करून थकला, शेवटी पतपेढीचे कर्ज काढून एक जुनी गाडी घेतली. डोंगरकडा नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे गाव असल्याने भाडे मिळते. दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतल्या एका आजोबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला न्यायचे ठरले होते. पुतण्याला उठवले. त्याने आत पाय घालून पाहिले आणि म्हणाला, "काका, पेडल खालीच बसलंय, वर येईना."

दिवा का जळत होता ते वाचकांच्या लक्षात आले असेल. पेडलच्या मागे एक लहान बटण असते. पेडल वर आले की ते दाबले जाऊन दिवा विझतो. पेडल अडकले की दिवा चालू राहतो आणि सकाळपर्यंत बॅटरी बसते. आम्ही आधी बॅटरीची एक वायर सोडवली. चारही चाकांना विटा लावल्या. गाडीखाली किंवा पेडलपाशी हात घालण्याआधी हे करावेच. अंगणाचा उतार डोळ्यांना दिसत नाही, चाकाला दिसतो.

मग टॉर्च घेऊन आम्ही पायाच्या जागेत डोके घातले. चाळिशी ओलांडलेल्या कारकुनाच्या पाठीला ते काम सोसणारे नाही, हेही नोंदवून ठेवतो. प्रथम पाहावयाचे ते पायपुसणे आणि पाण्याची बाटली. हसू नका. २००९ साली अमेरिकेत टोयोटा कंपनीला लाखो मोटारींबाबत सूचना काढावी लागली, कारण पायाखालच्या मॅटमध्ये अॅक्सिलरेटरचे पेडल अडकण्याचा धोका होता. आमच्याकडे मॅट जागेवर होती. पेडल हाताने ओढले तर कुरकुरत वर आले, सोडले की मध्येच थांबले. पेडल ज्या पिनेवर हलते ती पिन गंजलेली, आणि वर ओढणारी स्प्रिंग एका बाजूने आकड्यातून निसटलेली. काचेच्या कोपऱ्यातून पावसाचे पाणी तिथेच ठिबकत असणार.

पिन काढून पॉलिश पेपरने घासली, फडक्याने पुसली, बोटाच्या टोकावर मावेल एवढेच ग्रीस लावले. स्प्रिंग पक्कडीने आकड्यात बसवली. पेडल टचकन वर आले. वायर जोडली, दिवा विझलेलाच राहिला. बारा वाजले होते. पुतण्या म्हणाला, "झालं काका, झोपा आता."

एक दोष सापडला की माणूस दुसरा शोधायचे सोडतो. हिशेबात आमची ही चूक पूर्वी झालेली आहे. एक रकमेचा फरक सापडला म्हणून वही मिटली आणि दुसरा फरक महिनाभर तसाच राहिला. म्हणून म्हटले, पुढची चाके उचलून पाहू. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, त्यामुळे पुढची बाजू जॅकवर घेताना मागे विटा आणि हँडब्रेक दोन्ही हवेत. जॅकखाली फळी आणि गाडीखाली आधाराला लाकडी ओंडकाही ठेवावा. चाक हाताने फिरवले. उजवे फिरले. डावे दोघांनी जोर लावला तरी जागचे हलेना, आणि पेडल तर वर आलेले होते.

शाळेत पास्कलचा नियम आपण पाठ केलेला असतो. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. १९२१ साली अमेरिकेत ड्युसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना तेलाचे ब्रेक असलेली मोटार आणली ती याच नियमावर. पेडल मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते, दाब नळीतून चाकाकडे जातो. पाय काढला की तेल एका बारीक छिद्रातून डबीत परत येते. ते छिद्र झाकले गेले तर दाब आतच कोंडतो. आम्ही चाकामागचा हवा काढायचा निपल स्पॅनरने किंचित सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. लगेच निपल आवळला. निपल सोडूनही चाक जाम राहिले असते तर दोष चाकापाशीच, पिस्टन गंजल्याचा असता. इथे दाब कोंडला होता, म्हणजे दोष नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये.

ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले. आतले तेल काळपट आणि झाकणाच्या आतले रबर फुगून त्याच्या खाचेत बसेना. आम्ही पुतण्याकडे पाहिले.

"तेल कमी दिसलं म्हणून टाकलं होतं," तो म्हणाला. "मोटारसायकलचं इंजिन ऑइल उरलं होतं. एवढ्याशा तेलानं काय होतंय काका?"

नावात ऑइल असले तरी ब्रेकचे तेल ते तेल नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत लागणारे डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉलचे असते. आतली रबरे त्याच्यासाठीच बनवलेली. त्यांना इंजिन ऑइल लागले की ती फुगतात. झाकणाचे रबर डोळ्यांना दिसले, मास्टर सिलिंडरमधली वायसरे आणि चाकांमधली रबरे दिसत नाहीत. बाटलीदेखील सीलबंदच घ्यावी, कारण हे द्रव हवेतले पाणी शोषते. कोरडे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी शिरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. तेल उकळले की वाफ होते आणि पेडल पायाखाली पोकळ जाते.

पुतण्याचे म्हणणे होते, तेल उपसून नवे भरू आणि पहाटे निघू. भाडे आधीच घेतले होते, त्यातले निम्मे पतपेढीत भरूनही झाले होते. आम्ही ते फुगलेले रबर त्याच्या तळहातावर ठेवले आणि म्हटले, "हे पुन्हा खाचेत बसवून दाखव." त्याने दोनदा प्रयत्न केला. मग काही बोलला नाही.

पिनेला ग्रीस लावणे, स्प्रिंग अडकवणे, चाक फिरवून पाहणे एवढे घरी करावे. रबरे, नळ्या आणि मास्टर सिलिंडर यांना आम्ही हात लावला नाही. मिस्त्रीला घरी बोलावले. ब्रेक नसलेली गाडी दोरीने ओढत नेणे म्हणजे पुढच्या गाडीवर घालणे. त्याने सगळी रबरे आणि रबरी नळ्या बदलल्या, लोखंडी नळ्या धुतल्या. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, हे त्याला सांगितले तर तो आमच्याकडे पाहून हसला, पण ओले फडके मात्र मागून घेतले.

भाड्याचे पैसे आम्ही आमच्या पगारातून आजोबांना परत केले. पुतण्या पहाटेच्या एस.टी.ने त्यांना हात धरून नांदेडला घेऊन गेला. डोळ्यावर पट्टी बांधून ते संध्याकाळी परतले तेव्हा गाडी अंगणात विटांवर उभी होती. आजोबांनी विचारले, "दिवा विझला का रे?"