उरलेले अर्धे वाक्य

आमच्या लहानपणी गिरगावात दिवेलागण झाली की आमच्या चाळीत ‘शुभंकरोती’ सुरू व्हायचे आणि पलीकडे खोताच्या वाडीत रोझरी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी बांधलेली ती लाकडी कठड्यांची, बाहेरून जिना असलेली घरे. त्यांतल्या एका घरात माझा वर्गमित्र राहतो. त्याच्या आईला मी मावशी म्हणतो. आमच्या घरचे शुभंकरोती दूरदर्शनच्या मालिकांनी केव्हाच गिळले. मावशींची रोझरी मात्र साडेसातच्या ठोक्याला अजून चालू आहे.

१८८३ साली तेराव्या लिओ पोपनी ऑक्टोबर महिना रोझरीला वाहिला. त्यामुळे ही माळ आणि आपली दिवाळी पुष्कळदा एकमेकींना गाठतात. दोन वर्षांपूर्वी मी फराळाचे ताट घेऊन गेलो तो नेमका साडेसातला. मावशींनी डोळ्यांनीच ‘बस’ म्हटले. मी बसलो.

त्या घरात काय चालले आहे ते मला ठाऊक होते. थोरल्याला घर विकायचे होते; बिल्डर दारी येऊन गेला होता. धाकटा, म्हणजे माझा मित्र, नाही म्हणत होता. दोघांचेही चुकत होते असे मला वाटत नाही. गळणारे छप्पर नि दोन मुलींची शिक्षणे थोरल्याच्या डोक्यावर होती. पण आठ महिने सख्खे भाऊ एका छपराखाली अबोल होते. ‘त्याला सांग, पाणी आलंय,’ असे निरोप मावशींमार्फत जात.

आता माळेचा हिशेब सांगायला हवा. पाच दशके; प्रत्येक दशकाच्या आरंभी प्रभूची प्रार्थना, मग दहा वेळा मरियेला नमन. या नमनाचे दोन भाग. पहिला लूकच्या शुभवर्तमानातला, देवदूताने आणि अलिशिबेने मरियेला केलेले अभिवादन. दुसरा मागण्याचा, आम्हा पाप्यांसाठी देवापाशी रदबदली कर म्हणून. पहिला भाग एकाने म्हणायचा, दुसरा इतरांनी. एकाचे वाक्य दुसऱ्याने पुरे केल्याशिवाय मणी पुढे सरकत नाही.

मावशींचे माहेर वसईचे, म्हणून प्रार्थना मराठीत. (१९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी देवळातली मिस्सा लॅटिनमध्ये होई, पण १६१६ साली फादर स्टीफन्सनी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण छापून निघाले, तेव्हापासून मराठी काही ख्रिस्ताला परकी राहिली नव्हती. मास्तरकी सुटत नाही, क्षमा असावी.)

तिसरे दशक धाकट्याचे होते. सुना स्वयंपाकघरात होत्या, मुली शिकवणीला. तोंडाने उत्तर द्यायच्या त्या मावशी. पण त्यांना खोकल्याची उबळ आली. धाकट्याने पहिला भाग म्हटला आणि थांबला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी. मी तर जमिनीकडे पाहू लागलो.

थोरल्याने घसा साफ केला आणि उरलेला भाग म्हटला. पुटपुटत, भिंतीकडे बघत, पण म्हटला. पुढचे मणीही तसेच गेले. व्याकरण शिकवणाऱ्या माझ्या कानाला एक शब्द खुपत राहिला. त्या मागण्यात ‘आम्ही’ येतो, ‘मी’ येत नाही. दर मण्याला थोरला धाकट्यासकट स्वतःला पापी म्हणत होता.

उबळ ओसरली तरी मावशी पाचव्या दशकापर्यंत गप्पच होत्या. जिन्यापाशी मी विचारले, “मावशी, खोकला खरा होता ना?”

“पहिला खरा होता,” त्या म्हणाल्या.

“मग आता भांडण मिटेल?”

“घराचं? ते कसं मिटेल रे बाबा? मी त्यांना कधी सांगत नाही, भांडण बाहेर ठेवून या. सांगितलं तर येणारच नाहीत. घेऊन या म्हणते.”

घराचा निकाल अद्याप लागलेला नाही. ताट रिकामे परत द्यायचे नसते म्हणून मावशींनी त्यात फुगिया घातल्या. घरी आल्यावर मी डोंबिवलीला भावाला फोन लावला. वडिलांच्या कोकणातल्या घरावरून आमचेही जरा बिनसलेले आहे. त्याने फोन उचलला, आणि काय बोलायचे ते मला सुचेना.