दोष सायकलवालीचा नव्हे

२००९ साली लंडनच्या रस्त्यांवर १३ सायकलस्वार मृत्युमुखी पडले. त्यांत १० स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी ८ जणींचा बळी मालट्रकने घेतला. तिथे सायकल चालवणाऱ्यांत पुरुषच अधिक, तरीही हे घडले. ‘बायकांना रस्त्यावर भान नसते’ हे उत्तर अशा वेळी तयारच असते. खरे कारण ट्रकच्या रचनेत आहे. चालक उजवीकडे, उंचावर बसतो. डाव्या चाकाजवळची सायकल त्याला दिसतच नाही. सिग्नल सुटतो, ट्रक डावीकडे वळतो आणि नियम पाळून कडेला थांबलेली ती चाकाखाली सापडते.

सिंथिया बार्लो यांची मुलगी २००० साली लंडनमध्ये अशीच काँक्रीट-मिक्सरखाली गेली. या आईने त्या कंपनीचे शेअर घेतले आणि भागधारकांच्या सभेत जाब विचारला. कंपनीने गाड्यांना जादा आरसे व सेन्सर बसवले. २०२१ पासून लंडनमध्ये १२ टनांवरील मालट्रकना, चालकाला रस्ता थेट किती दिसतो हे पाहूनच परवाना मिळतो.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही चालक उजवीकडेच बसतो आणि शाळकरी मुली, कामकरी बाया डाव्या कडेनेच सायकल चालवतात. अपघात झाला की आधी मुलीची सायकल बंद होते, डंपर चालूच राहतो. हे उलटे व्हायला हवे. आरसे, सेन्सर व बाजूचे कठडे नसलेल्या गाड्यांना पालिकेचे कंत्राट नको, शाळेच्या वेळेत डंपरला शहरात प्रवेश नको, ही मागणी आपल्या गटांनी लेखी द्यावी आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.